इंदूर ते न्यूयॉर्क : अंतर १२,३०० किलोमीटर, मग तास नक्की किती?

तुमचा प्रश्न असा आहे : आई ६८ वर्षांच्या, बाबा ७३ वर्षांचे, राहतात इंदूरला राजेंद्रनगरात, आणि जानेवारीत पहिल्यांदाच एडिसनला, न्यू जर्सीत, मुलीकडे जाणार आहेत. एका साइटवर इंदूर–न्यूयॉर्क अंतर १२,३०० आणि वेळ १३ तास ४० मिनिटं लिहिली आहे. दुसरीवर अंतर ७,६४३, तिसरीवर ६,६४१. तिकिटावर मात्र २१ तास. परतीच्या तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ पाहिली, तर वजाबाकी भलतीच येते. बाबा विचारतात, यातलं खरं काय मानायचं?

मी उड्डाणांचं नियोजन करण्याच्या कामात आहे, म्हणजे विमान कुठल्या वाटेनं न्यायचं, किती इंधन भरायचं, किती वाजता पोचेल, हे उड्डाणाआधी ठरवणं. आमच्या टेबलावर 'अंतर किती' हा पहिला प्रश्न असतो आणि सगळ्यात सोपाही. तुम्हाला खरं तर अंतर नको आहे. आई-बाबा घराचं कुलूप लावल्यापासून मुलीच्या दारात पोचेपर्यंत किती तास जातील आणि त्यातले कुठले तास हातचे नाहीत, हे तुम्हाला हवं आहे. तिथपर्यंत जायला अंतरापासूनच सुरुवात करावी लागते, म्हणून तसंच जाऊ.

आधी ते तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत. १२,३०० हे किलोमीटर, ७,६४३ हे जमिनीवरचे मैल, आणि ६,६४१ हे सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि वैमानिक त्यातच बोलतात. विमान कंपन्यांचे 'माइल्स' अंतरावरून मोजले जातात तेव्हा ते जमिनीवरच्या मैलांत असतात. अंतर दाखवणाऱ्या बऱ्याच साइट एकक बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहितात, गोंधळ तिथून सुरू होतो.

१२,३०० कसे आले, हे बाबांना कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहता येईल. इंदूर विमानतळ २२.७२ उत्तर अक्षांश, ७५.८० पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १४९.५८ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार : ०.३८६२ गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२५१५. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि १४९.५८ अंशाच्या कोसाइनचा गुणाकार : ०.९२२४ गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८६२३, म्हणजे उणे ०.६०३५. दोन्हींची बेरीज उणे ०.३५२०. ज्या कोनाचा कोसाइन हा येतो तो कोन ११०.६ अंश. पृथ्वीवरचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा, त्यानं गुणलं की १२,३०० मिळतात. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो. प्रवाशाला त्याचं सोयरसुतक नाही.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली, स्प्रेडशीटला अंशात आकडे देणं. त्याला कोन रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या गणितातल्या दुसऱ्या एककात लागतो, म्हणून उत्तर काहीच्या बाही येतं आणि निदान चूक लगेच कळते. दुसरी चूक जास्त फसवी : पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह न देता सरळ वजाबाकी करणं. मग फरक २ अंशांचाच राहतो आणि इंदूर ते न्यूयॉर्क २,००० किलोमीटर निघतं, म्हणजे दुबईपेक्षाही जवळ! प्रत्यक्षात तुम्ही तेव्हा किर्गिझस्तानातल्या एका जागेचं अंतर काढलेलं असतं.

जाता जाता एक गोष्ट, माळव्यातल्या माणसाला आवडेल अशी. आपल्या जुन्या ज्योतिषगणिताची मूळ रेखा लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत जाणारी मानलेली होती. उज्जैन आणि इंदूर यांच्या रेखांशात फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे तुमचं घर त्या रेखेवरच आहे म्हणा ना. न्यूयॉर्क तिथून १५० अंश फिरून, जगाच्या जवळजवळ पाठीमागच्या बाजूला येतं. पाठीमागे जायचं असेल तर डोंगराला वळसा घालण्यापेक्षा माथ्याजवळून जाणं जवळचं पडतं. इथेही तसंच होतं.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर इंदूर आणि न्यूयॉर्कवर बोटं ठेवून दोरा ताणून पाहा. तो इंदूरहून पश्चिमेला निघतच नाही. उत्तरेच्या थोडा डावीकडे निघतो, वर चढत ६७ अंशांच्याही पुढे, आर्क्टिक वृत्ताच्या आत जातो आणि मग खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी 'सरळ' रेघ येते, ती प्रत्यक्षात १४,२०० किलोमीटरची आहे, म्हणजे १,९०० किलोमीटर लांब. विमानातल्या पडद्यावर वाट कमानीसारखी वाकडी दिसली की बाजूचा माणूस 'हे कुठे फिरवतायत' म्हणतो. बाबांना आधीच सांगून ठेवा, तो वाकडेपणा नकाशाचा आहे.

आता १३ तास ४० मिनिटांचं बघू. ते १२,३०० ला ९०० नं भागून आलेलं आहे, बाकी काही नाही. त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : इंदूरहून न्यूयॉर्कला विमान आहे, ते दोऱ्याच्या रेषेवरून जातं, आणि आकाशात वारा नाही. तिन्ही खोट्या.

पहिली लगेच निकालात निघते. इंदूरची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटरची आहे, विमानतळ समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास उंच आहे आणि उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते. पंधरा तासांचं इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उठवायचं तर प्रवासी उतरवावे लागतील. शिवाय रोज तीनशे माणसं मिळायला हवीत, तो भाग वेगळाच. तेव्हा जोड लागणार. कुठे, हाच यातला कळीचा प्रश्न आहे.

दिल्लीमार्गे : इंदूर–दिल्ली ६६० किलोमीटर आणि दिल्ली–जेएफके ११,७५०, मिळून १२,४१०. थेट रेषेपेक्षा फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर जास्त, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या जवळपासच येते. मुंबईमार्गे : ५०५ आणि १२,५३०, म्हणजे १३,०३५. आधी दक्षिणेला जायचं आणि मग तेवढंच परत वर यायचं. दुबईमार्गे २,०९५ आणि ११,०००, मिळून १३,०९५. कागदावर दिल्ली सव्वासहाशे किलोमीटरनं जिंकते. हा निकाल लक्षात ठेवा, पुढे उलटणार आहे.

आता भागाकार नीट करू. मोठी लांब पल्ल्याची विमानं, ७७७ म्हणा, ७८७ म्हणा किंवा ए-३५०, वरच्या थंड हवेत ताशी ८९० ते ९०५ किलोमीटरनं जातात. हा हवेतला वेग आहे. जमिनीच्या हिशेबानं वेग किती, ते वारा ठरवतो. त्या उंचीवर आपल्या अक्षांशांपासून ते युरोप-अमेरिकेपर्यंत वारा मुख्यत्वे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि त्यातल्या अरुंद वेगवान पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची उष्णता यांतला फरक वाढतो, म्हणून तो पट्टाही जोरात वाहतो. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी तिथे सहा तासांहून जास्त लागतात. विमान तेच, वारा मात्र वादळातला.

लांबच्या प्रवासात वाट बदलून वाऱ्याला बरंचसं चुकवता येतं, म्हणून सरासरी तोटा दिसतो त्यापेक्षा कमी असतो. अंदाजासाठी मी हे आकडे वापरतो : अमेरिकेकडे जाताना ताशी ८५०, येताना ९५०. वाट कधीच दोऱ्यासारखी नसते, म्हणून अंतरात ३ टक्के वाढवायचे. आणि गेटवरून हलणं, धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं, पुन्हा गेटपर्यंत जाणं यांचे मिळून ४० मिनिटं. दिल्ली–जेएफके ११,७५० चे झाले १२,१००. त्याला ८५० नं भागा, १४ तास १५ मिनिटं. त्यात ४० मिनिटं, म्हणजे पाच मिनिटं कमी १५ तास. येताना ९५० नं भागून १२ तास ४५, अधिक ४०, म्हणजे १३ तास २५ मिनिटं. एकाच रस्त्याचे जाताना दीड तास जास्त.

हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो, असं कुणीतरी नक्की सांगेल. लग्नाच्या पंगतीत तर हटकून. विमान हवेत असतं आणि हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे खालची जमीन सरकून न्यूयॉर्क जवळ येत नाही. तसं असतं तर इंदूरहून नुसतं वर उडून तासाभरात अरबी समुद्रावर उतरता आलं असतं. पृथ्वीचं फिरणं वाऱ्याला पूर्वेकडे वळवतं, एवढाच त्याचा हात.

वारा अंतरावर कशी मात करतो, याचं एक चांगलं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून १२,४०० किलोमीटर आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी हे विमान पश्चिमेऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर आणि वेळ साडेचौदा तास. अंतर वाढलं, पण वारा पाठीमागून मिळाला आणि वेळ उलट वाचला. म्हणून नुसता अंतराचा आकडा दाखवून कुणी तास सांगितले, तर त्याच्यावर फार विसंबू नका.

यापुढे जे आहे ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि आज दिलेलं उत्तर तिकीट काढाल तेव्हा बदललेलं असू शकतं. विमान आकाशात वाटेल तिथून जात नाही. प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या परवानगीनं आणि पैसे भरून ओलांडायचं असतं. २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ पासून त्यांनी ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केलं, भारतानंही ३० एप्रिलला तसंच केलं, आणि मग दर महिन्याला मुदतवाढ मिळत गेली. ही बंदी कंपनीच्या देशावर आहे, विमानतळावर नाही. म्हणजे दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला पाकिस्तान चुकवावा लागतो, त्याच दिल्लीहून निघणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या विमानाला नाही. उलट फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अमेरिकन, ब्रिटिश, कॅनडाच्या आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना मिळत नाही, भारतीय कंपन्यांना मिळतं. तुमच्या दोऱ्याच्या रेषेवर हे दोन्ही देश येतात.

भारतीय कंपनीच्या बाबतीत याचा हिशेब करून पाहा. दिल्लीहून निघून गुजरातवरून समुद्रावर यायचं, मस्कतपर्यंत जायचं आणि तिथून वर वळायचं, असं धरलं तर : दिल्ली–अहमदाबाद ७५५, अहमदाबाद–मस्कत १,४६५, मस्कत–जेएफके ११,३२५. एकूण १३,५४५. थेट रेषेपेक्षा १,८०० किलोमीटर जास्त. वरच्या पद्धतीनं वेळ काढली तर जाताना १७ तासांच्या पुढे जाते. मुंबईहून मात्र विमान तसंही समुद्रावरूनच निघतं. मुंबई–मस्कत १,५९०, पुढे तेच ११,३२५, मिळून १२,९१५, म्हणजे थेट रेषेहून फक्त ३८५ जास्त. वेळ साधारण १६ तास २० मिनिटं. इंदूरपासूनची एकूण बेरीज आता दिल्लीमार्गे १४,२०० आणि मुंबईमार्गे १३,४२०. पाकिस्तान उघडा असताना सव्वासहाशेनं पुढे असलेली दिल्ली, बंद असताना पावणेआठशेहून जास्त किलोमीटरनं मागे पडते. इंदूर या दोन शहरांच्या मध्ये असल्यामुळे तुम्हाला निवड तरी करता येते. चंदीगडच्या माणसाला नाही.

हा कागदावरचा हिशेब आहे. इराणचं आकाश बंद झालं, जसं १३ जून २०२५ ला झालं, तर मस्कतनंतरची वाटही बदलते.

दोन तास जास्त, तर त्यात काय, असं वाटेल. पण १७ तासांना मर्यादा आहेत. ७७७ सारखं विमान तासाला साडेसात-आठ टन इंधन पितं, आणि दोन तासांचं जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. हिवाळ्यात समोरचा वारा जोरात असला की एक तर माल आणि काही प्रवासी खाली ठेवायचे, नाहीतर वाटेत उतरून इंधन भरायचं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी उतरत होती, त्याचं कारण हेच. उतरणं, इंधन, गरज पडली तर कर्मचारी बदलणं, पुन्हा उठणं, यात दीड ते दोन तास जातात आणि प्रवाशांना बहुतेक वेळा आतच बसून राहावं लागतं. म्हणून तिकीट काढताना 'नॉन-स्टॉप' आणि 'डायरेक्ट' यांतला फरक बघा. डायरेक्ट म्हणजे विमान क्रमांक एकच, वाटेत थांबा असू शकतो.

तर तुमच्या नेमक्या विमानाला किती वेळ लागतो, हे कसं शोधायचं? उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या साइटवर विमान क्रमांक टाका आणि मागच्या दहा-पंधरा दिवसांची प्रत्यक्ष गेट सोडल्याची व गेटला लागल्याची वेळ पाहा. सगळ्यात कमी वेळ नको, सरासरीही नको. दहापैकी आठ दिवस ज्याच्या आत पोचलं, ती वेळ धरा. शक्य असेल तर मागच्या जानेवारीचे आकडे पाहा, कारण ऑगस्टमधले आकडे जानेवारीत फसवतात. साइटवर 'हवेतला वेळ' आणि 'गेट ते गेट' असे दोन आकडे असतील, तर दुसरा घ्या. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो आणि तिकिटावर तोच छापलेला असतो. कंपन्या त्यात थोडी हवा भरून ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही कागदावर वेळेत पोचतात. त्यामुळे तिकिटापेक्षा वीस मिनिटं लवकर पोचलं तर वैमानिकानं फार वेग मारला असं समजू नका.

इंदूरहून पहिल्या टप्प्याला वेगळा हिशेब लागतो. छोट्या पल्ल्यात विमान चढतं आणि लगेच उतरू लागतं, पूर्ण वेगाचा काळ थोडाच मिळतो. तिथे अख्खं अंतर ताशी ७८० नं भागून त्यात ३५ मिनिटं ठोक मिळवा : दिल्लीला १ तास २५ मिनिटं, मुंबईला १ तास १५ मिनिटं. मुंबईच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यात वीस मिनिटं आणखी. या टप्प्यावर एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास, तेव्हा अर्धा तास वाढवा.

आता जोडाचे तास. २१ तासांच्या तिकिटात सगळ्यात लवचिक भाग हाच आहे, आणि घोटाळे बहुतेक इथेच होतात. वयस्कर माणसांसाठी दिल्लीत किंवा मुंबईत चार तास ठेवा. त्यात इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, व्हीलचेअरची वाट पाहणं आणि पहिल्या विमानाचा तासभर उशीर मावतो. अडीच तासांत होणारच नाही असं नाही, पण इंदूरचं विमान पाऊण तास उशिरा निघालं की सगळं कोलमडतं. सहा तासांच्या वर थांबा गेला तर पाय सुजतात, माणूस कंटाळतो आणि मोठ्या उड्डाणाला आधीच थकलेला बसतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं घेऊन तीन-चार हजार रुपये वाचतात, आणि चुकलं तर लाखाच्या घरातलं तिकीट बुडतं. एकाच तिकिटात बॅगही इंदूरहून थेट जेएफकेपर्यंत लावता येते. काउंटरवर बॅगेच्या टॅगवर शेवटचा कोड जेएफके आहे ना, हे आई-बाबांनी स्वतः पाहावं. टर्मिनलही तपासा. दिल्लीत देशी विमान टर्मिनल १ वर उतरलं आणि परदेशी टर्मिनल ३ वरून असेल, तर बाहेर पडून गाडीनं जावं लागतं. मुंबईत टर्मिनल १ आणि २ यांचंही तसंच.

आखातमार्गे जायचा विचार असेल तर एक सापळा सांगतो. इंदूरहून थेट परदेशी विमान म्हणजे आखातापुरतंच : २०१९ मध्ये दुबईचं सुरू झालं, पुढे शारजाचं. शारजाला उतरून दुबईहून पुढचं स्वस्त तिकीट जोडायचं, ही शक्कल नकाशावर पंचवीस-तीस किलोमीटरची दिसते. पण ते दोन वेगळे विमानतळ आहेत. मधे देशात प्रवेश करावा लागतो, त्याला व्हिसा लागतो, बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा उद्योग करू नये. रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई गाठायची, हा इंदूरचा जुना मार्गही तसाच. रेल्वेनं ते सव्वाआठशे किलोमीटर आहे, गाडी पहाटे-सकाळी पोचते आणि अमेरिकेची विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात. अख्खा दिवस मुंबईत कुणा नातेवाइकाकडे पडून राहण्याची सोय असेल तरच.

दिल्लीमार्गे, वाट मोकळी असताना, दारापासून दारापर्यंत हिशेब असा पडतो. राजेंद्रनगर ते विमानतळ ४० मिनिटं, तिथे २ तास आधी, दिल्लीपर्यंत दीड तास, जोड ४ तास, मोठं उड्डाण १५ तास, जेएफकेला इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, एडिसनपर्यंत गाडीनं पावणेदोन तास. झाले जवळजवळ साडेसव्वीस तास. भारतीय कंपनी आणि पाकिस्तान बंद असेल तर दिल्लीमार्गे यात दोन-अडीच तास आणखी, मुंबईमार्गे साधारण एक-सव्वा तास. न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळाचं विमान मिळालं तर शेवटचे पावणेदोन तास पाऊण तासावर येतात. आकाशात दोन्ही विमानतळ तीस-पस्तीस किलोमीटरवरच आहेत, पण जमिनीवर मधे अख्खं न्यूयॉर्क शहर आहे. थकलेल्या माणसांसाठी तो एक तास मी पैसे मोजून घेईन.

घड्याळाचा गोंधळ राहिला. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. दिल्लीहून रात्री २ ला निघालं, १५ तास उडालं, तर आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. त्यातून साडेदहा वजा करा, न्यूयॉर्कला त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा. कॅलेंडरवर फक्त साडेचार तास गेले. येताना दुपारी १२ ला निघून १३ तास २५ मिनिटं उडालं, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचा १ वाजून २५ मिनिटं. त्यात साडेदहा मिळवा, दिल्लीत दुसऱ्या दिवशीचे ११ वाजून ५५. कॅलेंडरवर चोवीस तास! तुमच्या बाबांची वजाबाकी इथे अडली. औषधांची वेळ मात्र गावच्या घड्याळावर ठरवू नका. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर मागच्या गोळीपासून किती तास झाले ते मोजायचं, आणि डॉक्टरांकडून हे आधी लिहून घ्यायचं. सगळी औषधं हातातल्या पिशवीत.

परतीचं तिकीट जानेवारीअखेरीपर्यंतचं असेल, तर आणखी एक गोष्ट. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीत पहाटे दाट धुकं असतं. मोठी विमानं त्यातही उतरू शकतात, पण सगळ्यांचा वेग मंदावतो आणि सकाळची देशी विमानं एकामागून एक उशिरा सुटतात. येताना बॅगा दिल्लीतच ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढाव्या लागतात आणि इंदूरसाठी पुन्हा द्याव्या लागतात. जाताना जशा थेट गेल्या तशा येताना येतात असं समजून माणसं पट्ट्याकडे न जाताच पुढे निघून जातात. तेव्हा दुपारी १२ ला दिल्लीत उतरत असतील तर इंदूरचं विमान साडेचारच्या आधीचं घेऊ नका, आणि दिवसातलं शेवटचंही घेऊ नका. ते रद्द झालं तर रात्र दिल्लीत काढावी लागेल.